अलिबागचें सिनेगॉग आणि अष्टागरांतील बेने इस्रायल

अलिबाग शहरांत 'इस्रायल आळी' ह्या नांवाची एक आळी आहे. तींत बेने इस्रायल लोकांचें 'मागेन आबोत' हें सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर, उभें आहे. त्याची स्थापना १८४८ सालीं झाली व १९१० सालीं तें नव्यानें बांधण्यांत आलें. शेजारच्या कुलाबा किल्ल्याशीं किंवा कान्होजी आंग्र्यांच्या हिराकोटाशीं तुलना केली तर ही वास्तु अगदीं अर्वाचीन ठरते. परंतु जी जमात तेथें प्रार्थनेस जमते, ती मात्र अष्टागरांत आंग्र्यांच्याही आधींपासून वसत आहे असें तिची परंपरा सांगते. समाज इतका जुना आणि मंदिर इतकें नवें, ही विसंगति कशी उत्पन्न झाली, ह्या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. ह्या प्रश्नाचें उत्तर इमारतींत नाहीं. तें ह्या लोकांच्या धंद्यांत, आडनांवांत व सणांच्या नांवांत आहे, असें आम्हांस वाटतें.

१. परंपरा व लेखी पुरावा

बेने इस्रायल लोकांची मूळकथा प्रसिद्ध आहे. त्यांच्या पूर्वजांचें गलबत चौलच्या उत्तरेस नवगांवच्या किनाऱ्याजवळ फुटलें. सात पुरुष व सात स्त्रिया एवढींच माणसें वांचलीं. जीं प्रेतें किनाऱ्यास लागलीं त्यांस नवगांवीं मूठमाती देण्यांत आली. ग्रंथ व चीजवस्तु सर्व समुद्रांत गेली, म्हणून जवळ लेखी असें कांहींच उरलें नाहीं, असेंही ही कथा सांगते. नवगांवची दफनभूमि आजही ह्या जमातींत पूज्य मानली जाते.

ही कथा ज्यांनीं प्रथम साद्यंत लिहून ठेविली ते हाईम समुएल केहीमकर हे होत. त्यांनीं आपला इंग्रजी ग्रंथ १८९७ सालीं लिहून पुरा केला. तो छापला गेला १९३७ सालीं, आणि तोही तेल अवीव येथें. म्हणजे ह्या जमातीचा मुख्य इतिहासग्रंथ चाळीस वर्षें हस्तलिखित स्थितींत पडून होता. हस्तलिखितांच्या संग्राहकांनीं हें उदाहरण ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. केहीमकरांचें मत असें कीं हे लोक इ. स. पूर्वीं १७५ च्या सुमारास येथें आले. इतर अभ्यासकांनीं हें आगमन बऱ्याच पुढच्या काळांत घातलें असून, कोणी येमेनकडून तर कोणी इराणकडून तें झालें असें म्हटलें आहे.

लेखी पुरावा मात्र ह्या मानानें फारच अलीकडचा आहे. कोचीनकडील ज्यूंपाशीं इ. स. १००० च्या सुमाराचे, जोसेफ रब्बान ह्यास दिलेले ताम्रपट आहेत. तिकडे चेन्नमंगलम् येथें १२६९ सालचा हिब्रू थडग्याचा दगड आहे. कोचीनचें परदेशी सिनेगॉग १५६८ सालचें आहे. कोंकणांतील बेने इस्रायलांपाशीं अशा तऱ्हेचें कांहीं नाहीं. १२०० च्या सुमारास मिसरांतील प्रसिद्ध पंडित मैमोनिडीस ह्यानें एका पत्रांत असें लिहिलें आहे कीं हिंदुस्थानांतील ज्यूंस शनिवारची विश्रांति व सुंता एवढ्याखेरीज धर्मशास्त्रांतील कांहीं ठाऊक नाहीं. हें वर्णन कोंकणांतील लोकांस चांगलें लागू पडतें, परंतु पत्रांत स्थलाचें नांव नाहीं. 'बेने इस्रायल' हें नांव स्पष्टपणें येतें तें मिशनरी सार्टोरियस ह्याच्या १७३८ च्या लेखांत. त्यानंतर १७६८ सालीं कोचीनचा व्यापारी यहेज्केल राहाबी ह्यानें हॉलंडास धाडलेल्या पत्रांत मराठ्यांच्या मुलुखांतील ह्या लोकांचें वर्णन केलें आहे: ते तेल गाळितात, कांहीं शिपाईगिरी करितात, शनिवार पाळितात, आणि 'शेमा' ह्या एका प्रार्थनेपलीकडे त्यांस कांहीं येत नाहीं.

२०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका जनुकशास्त्रीय संशोधनानें ह्या चर्चेंत नवी भर घातली आहे. त्यावरून ह्या जमातींत पश्चिम आशियांतील ज्यूंचा अंश व स्थानिक अंश असे दोन्ही असून, त्यांचा संकर सुमारें साडेसहाशें ते एक हजार वर्षांपूर्वीं झाला असावा असें दिसतें. ह्यावरून आगमनाचें साल निघत नाहीं; पण ज्यू वंशाची परंपरा केवळ कल्पित नव्हे एवढें निश्चित होतें. दोन हजार वर्षांचा दावा सिद्ध झाला असें म्हणतां येत नाहीं, तसेंच १७३८ पूर्वींचा कागद नाहीं म्हणून जमातच नव्हती असेंही म्हणतां येत नाहीं.

परंपरेचा उपयोग किती सावधपणें करावा लागतो ह्याचें उदाहरण अलिबागच्या नांवांतच आहे. अली नांवाच्या एका धनिकानें येथें विहिरी खणल्या व बागा लाविल्या, त्यावरून 'अलिबाग' हें नांव पडलें, एवढ्यावर सर्वांचें एकमत आहे. परंतु १८८३ च्या कुलाबा गॅझेटियरमध्यें हा अली मुसलमान म्हटला आहे, तर बेने इस्रायल लोक त्यास आपल्या जमातींतला मानितात. समकालीन कागद सांपडेपर्यंत ह्यांपैकीं एक मत ग्राह्य व दुसरें त्याज्य ठरविण्यास आधार नाहीं.

२. घाणा व दहा पुरुष

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. बेने इस्रायलांस कोंकणांत 'शनवार तेली' म्हणत. घाण्यावर तेल गाळणें हा त्यांचा धंदा, आणि शनिवारीं घाणा बंद ठेवणें ही त्यांची खूण. ह्या दोन शब्दांत त्यांच्या इतिहासाचें मर्म आहे.

एका लहान खेड्यास किती घाणे पुरत? एक, फार तर दोन. म्हणून तेली एके ठिकाणीं दाटीनें वसत नाहींत. ते गांवोगांव विखुरतात. ह्याचा पुरावा ह्या जमातीचीं आडनांवें देतात. किहीमचे ते किहीमकर किंवा केहीमकर, आवासचे आवासकर, थळचे थळकर, झिराडचे झिराडकर, मापगांवचे मापगांवकर. अष्टागराबाहेर पेणकर, रोहेकर, अष्टमकर, घोसाळकर, राजपूरकर, दिवेकर. अशीं शंभराहून अधिक ग्रामनामें आडनांवांत टिकून राहिलीं आहेत. तीं सर्व मांडून नकाशा केला तर कुलाबा जिल्ह्याचा किनारा व जंजिऱ्याचा मुलूख बहुतेक भरून निघतो. ज्या जमातीपाशीं ताम्रपट नाहीं, तिचीं आडनांवें हाच तिचा दस्तऐवज होय.

ह्याच्या जोडीस ज्यू धर्मशास्त्रांतील एक नियम ठेवावा. सामुदायिक प्रार्थनेस निदान दहा प्रौढ पुरुष हजर असावे लागतात. ह्या दहांच्या गणास 'मिन्यान' म्हणतात. दहा पुरुष नसले तर तोरा ग्रंथाचें जाहीर वाचन होत नाहीं व कित्येक प्रार्थना म्हणतां येत नाहींत. जेथें एका गांवीं एक किंवा दोन घरें, आणि शनिवारीं दूर प्रवास करणें निषिद्ध, तेथें दहा पुरुष कोठून जमावे? ज्या घाण्यानें ह्या लोकांस पोसलें, त्याच घाण्यानें त्यांस विखरून टाकिलें. आणि विखुरलेल्यांस मंदिर बांधून उपयोग नव्हता. मंदिराचा अभाव हें धर्मलोपाचें लक्षण मानण्यापेक्षां वस्तीच्या रचनेचा परिणाम मानणें अधिक सयुक्तिक दिसतें.

३. घरांत राहिलेला धर्म

मंदिर नव्हतें तेव्हां धर्म घरांत राहिला. शनिवार, सुंता, 'शेमा' व खाण्यापिण्याचे नियम एवढा त्याचा गाभा. ह्याशिवाय सण होते, आणि त्यांचीं नांवें हिब्रू नसून मराठी होतीं. वर्षारंभास 'नव्याचा सण' म्हणत. तांदळाच्या खिरीवरून 'खिरीचा सण' हें नांव पडलें. प्रायश्चित्ताच्या उपवासाचा दिवस तो 'दरफाळणीचा सण'. त्या दिवशीं दारें लावून घेऊन घरांत राहात. पुरीमचा सण होळीच्या सुमारास येतो, म्हणून तो 'होळीचा सण'. येरुशलेमच्या मंदिराच्या नाशाबद्दलच्या उपवासास, त्या प्रसंगीं खाण्यांत येणाऱ्या बिरड्यावरून, 'बिरड्याचा रोजा' असें नांव होतें.

सर्वांत बोधप्रद नांव पेसाह म्हणजे वल्हांडणाच्या सणाचें आहे. ह्या सणांत आंबलेलें पीठ वर्ज्य असतें. परंतु कोंकणांतील रोजचें अन्न भात. तेथें खमीर घातलेली रोटी हा नित्याचा पदार्थ नव्हे. मग वर्ज्य काय करावें? घरांत आंबट घालून ठेवलेलें मडकें असे, तें आठ दिवस झांकून ठेवीत. त्यावरून 'अनशी ढाकाचा सण' हें नांव आलें. मूळ कारणाचें विस्मरण झालें तरी आचार नव्या देशांतील अन्नास अनुसरून कसा जिवंत राहतो, ह्याचें ह्याहून चांगलें उदाहरण शोधूनही सांपडणार नाहीं.

केहीमकरांनीं सणांच्या ह्या नांवांवरून कालनिर्णयही केला. मराठी नांवाचे सण जुने व हिब्रू नांवाचे सण मागाहून शिकलेले. हानुक्का हा सण जुन्यांत नाहीं. हानुक्काचा उगम इ. स. पूर्वीं दुसऱ्या शतकांतला. तस्मात् पूर्वज त्यापूर्वींच निघाले, असा त्यांचा युक्तिवाद. नांवांवरून केलेली जुन्या-नव्याची विभागणी मान्य करण्यासारखी आहे. परंतु एखादा सण नसणें हा तो कधींच नव्हता ह्याचा पुरावा होत नाहीं. विसरही पडूं शकतो.

एलियाहू हन्नाबी ह्या प्रेषितावरील भक्ति हेंही ह्या घरगुती धर्माचें अंग आहे. अलिबागजवळ खंडाळे येथील खडकावर त्याच्या घोड्याच्या टापेची खूण आहे असें मानितात, आणि पोहे, नारळ, गूळ व फळें घालून केलेला मलीदा त्याच्या नांवानें वाटितात. नवस फेडण्याची ही रीत बेने इस्रायलांची खास आहे.

धर्मकृत्यें चालविण्यास फिरते काजी असत. दावीद राहाबी नांवाच्या एका परदेशी ज्यूनें हे लोक ज्यू असल्याचें ओळखून झिराडकर, राजपूरकर व शापूरकर ह्या तीन घराण्यांतील पुरुषांस हिब्रू शिकविलें व काजी नेमिलें, अशी परंपरा आहे. हा राहाबी केव्हां झाला ह्याविषयीं मतभेद असून, कोचीनच्या राहाबी घराण्याशीं त्याची सांगड घालण्यांत येते. तें कांहींही असो. काजी गांवोगांव फिरून लग्नें, सुंता व तंटे उरकीत, ही व्यवस्था विखुरलेल्या वस्तीला साजेशीच होती. अब्राहामचें अब्राजी, समुएलचें समाजी, यहेज्केलचें हसाजी अशीं नांवांचीं मराठी रूपेंही ह्याच काळांतलीं. जुन्या मोडी कागदांत अशीं नांवें सांपडलीं तर तीं मराठा किंवा मुसलमान समजून वाचक पुढें जाण्याचा संभव असतो, हें संशोधकांनीं लक्षांत ठेवावें.

४. मंदिराची उभारणी

अठराव्या शतकाच्या मध्यापासून बेने इस्रायल मुंबईस जाऊं लागले. तेथें ते कंपनीच्या पलटणींत शिरले, सुतार व गवंडी झाले, पुढें कारकुनी करूं लागले. खेड्यांत जें शक्य नव्हतें तें मुंबईंत झालें. एका वस्तींत दहाच काय, शेंकडों पुरुष एकत्र आले. समुएल यहेज्केल, ऊर्फ समाजी हसाजी दिवेकर, हा कंपनीच्या फौजेंतील देशी अंमलदार. म्हैसूरच्या युद्धांत टिपूच्या कैदेंत पडून तो सुटला, आणि १७९६ सालीं त्यानें मुंबईस 'शाआर हाराहामीम' हें बेने इस्रायलांचें पहिलें सिनेगॉग बांधिलें. दुसऱ्याच वर्षीं कोचीन येथें त्याचा अंत झाला. तोरा ग्रंथाच्या गुंडाळ्या आणण्यासाठीं तो तेथें गेला होता असें सांगतात. लोक ह्या मंदिरास 'मशीद' म्हणत, आणि मुंबईच्या मशीद बंदर स्टेशनाचें नांव ह्यावरूनच पडलें अशी समजूत आहे.

त्यानंतर ज्ञानाचीं साधनें वाढलीं. कोचीनचे शिक्षक आले. स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन ह्यांनीं १८३२ सालीं हिब्रूचें मराठी व्याकरण छापिलें. विल्सनचा हेतु ख्रिस्ती धर्मप्रसाराचा होता. परिणाम मात्र असा झाला कीं बेने इस्रायल आपले ग्रंथ स्वतः वाचूं लागले व अधिक दृढ ज्यू झाले. १८४६ सालीं वल्हांडणाच्या रात्रीं वाचावयाचा 'हाग्गादा' हिब्रू मूळ व मराठी भाषांतर ह्यांसह मुंबईस शिळाप्रेसवर छापला गेला. १८७४ सालीं पुण्यास दुसरा निघाला. जोसेफ यहेज्केल राजपूरकर ह्यांनीं हिब्रू प्रार्थनाग्रंथांचीं मराठी भाषांतरें केलीं. १८८० पासून हरिदासी कीर्तनाच्या धर्तीवर बायबलांतील आख्यानांचीं मराठी कीर्तनेंही होऊं लागलीं.

मुंबईंत शिकलेला हा नवा धर्माचार कोंकणांत परतला. १८४० सालीं मुंबईस दुसरें सिनेगॉग झालें. त्याच वर्षीं आंग्र्यांचें कुलाबा संस्थान खालसा होऊन अलिबाग कंपनी सरकारच्या हातीं आलें. आठ वर्षांनीं, १८४८ सालीं, अलिबागचें मंदिर उभें राहिलें. १८४९ सालीं पनवेलचें, १८६३ सालीं पेणचें व १८७९ सालीं ठाण्याचें. हीं सर्व ठिकाणें पाहिलीं तर एक गोष्ट उघड होते: मंदिरें लहान खेड्यांत न होतां बाजाराच्या, कचेरीच्या, बंदराच्या गांवीं झालीं, म्हणजे जेथें दहा पुरुष शनिवारीं पायीं येऊन जमूं शकत तेथें. घाण्यानें केलेलें विखुरणें जेथें जेथें मोडलें, तेथें तेथें मंदिर आलें.

'मागेन आबोत' ह्या नांवाचा अर्थ 'पूर्वजांची ढाल'. शुक्रवारीं रात्रीं शब्बाथ लागल्यावर म्हणावयाच्या एका प्रार्थनेचे हे आरंभींचे शब्द आहेत, आणि ती प्रार्थना एकट्यानें घरीं म्हणावयाची नसून समुदायांतच म्हणावयाची असते. नांव ठेवणारांच्या मनांत काय होतें तें सांगतां येत नाहीं. तथापि शतकानुशतकें एकेकट्यानें शनिवार पाळणाऱ्या लोकांच्या मंदिरास ह्याहून समर्पक नांव मिळालें नसतें.

रचना सर्वत्र सारखी असते. येरुशलेम पश्चिमेस, म्हणून तोरा ग्रंथ ठेवण्याचें कपाट, ज्यास 'हेखाल' म्हणतात, पश्चिमेच्या भिंतीस. मध्यभागीं कठडा असलेली उंच 'तेबा', जेथून वाचन होतें. मंदिराच्या कारभारांत मात्र मराठी गांवगाडा दिसतो: मुकादम व चौगुला हे मुख्य, आणि त्यांच्या बरोबरीनें खजिनदार 'गबाय', प्रार्थना चालविणारा 'हज्जान' व सेवक 'शमाश'. दोन मराठी मुलुखांतले व तीन हिब्रू शब्द एकाच पंचायतींत बसले आहेत. ह्या पंचायतीचें अंतरंग सर्वस्वी निर्दोष होतें असें नव्हे. 'गोरे' व 'काळे' असा भेद जमातींत होता, व त्यांच्यांत बेटीव्यवहार होत नसे. हाही इतिहासाचाच भाग आहे.

५. ओहोटी

१९४८ सालीं इस्रायल राष्ट्र स्थापन झालें आणि स्थलांतर सुरू झालें. १९५१ च्या खानेसुमारींत भारतांत सुमारें २६ हजार ज्यू होते; १९७१ मध्यें ते सहा हजारांच्या आंत आले; २०११ मध्यें साडेचार हजारांच्या आसपास उरले, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक महाराष्ट्रांत. इस्रायलांत गेल्यावर ह्या लोकांस आपलें ज्यूपण पुनः सिद्ध करावें लागलें. विवाहाच्या बाबतींत तेथील धर्माधिकाऱ्यांनीं शंका काढिली, व मोठ्या चळवळीनंतर १९६४ सालीं त्यांची पूर्ण समानता मान्य झाली. महाराष्ट्र सरकारनें २०१६ सालीं ज्यूंस अल्पसंख्य समाज म्हणून मान्यता दिली.

अलिबागेस आज थोडींच कुटुंबें राहिलीं आहेत. पूर्वीं जमात होती पण मंदिर नव्हतें. आतां मंदिर आहे, परंतु दहा पुरुष जमण्याची पंचाईत. दोन्ही वेळां प्रश्न तोच: मिन्यान.

६. संग्राहकांस विनंति

ह्या स्थितींत कागदांचें काय होणार, हा आमच्या वाचकांचा प्रश्न आहे. पहिली अडचण धर्मानेंच घातली आहे. ज्या लिखाणांत ईश्वराचें नांव आहे तें जीर्ण झालें तरी जाळीत नाहींत, रद्दींत विकीत नाहींत. तें दफनभूमींत पुरतात. म्हणून जुन्या हस्तलिखित पोथ्या ह्या जमातींत दुर्मिळ असल्या तर नवल नाहीं. दुसरी अडचण स्थलांतराची: घरें बंद झालीं, पेट्या परदेशीं गेल्या.

जें मिळूं शकेल त्याची यादी अशी करितां येईल: विवाहाचे करारलेख म्हणजे 'केतुबा', मंदिरांचे जमाखर्च व मुकादमांच्या वह्या, स्त्रियांनीं वहींत उतरून ठेवलेलीं बायबलविषयक मराठी गाणीं, कीर्तनांच्या वह्या, शिळाप्रेसवरील हाग्गादे, आणि आंग्रे व सिद्दी ह्यांच्या दफ्तरांतील मोहतर्फ्याच्या याद्या. आंग्र्यांच्या आरमारांत चाकरी करून इनाम मिळविलेल्या एका बेने इस्रायल घराण्याची हकीकत केहीमकरांनीं दिली आहे. तशा सनदा शोधण्यासारख्या आहेत. १७३८ पूर्वींचा उल्लेख मिळालाच तर तो एखाद्या तेल्याच्या घाण्यावरील कराच्या नोंदींतच मिळण्याचा संभव अधिक.

थडग्यांवरील शिलालेखांच्या वाचनासाठीं एक सूचना. हिब्रू सन जगदुत्पत्तीपासून मोजितात. त्यांतून ३७६० वजा केले म्हणजे इसवी सन येतो, आणि वर्षारंभापासून, म्हणजे आश्विनाच्या सुमारापासून, डिसेंबरअखेरपर्यंतच्या तिथीस ३७६१ वजा करावे. अंक अक्षरांनीं लिहितात व हजाराचा अंक पुष्कळदां गाळितात. तेव्हां नुसते ६०८ असे आलें तर त्यांत १२४० मिळवावे, म्हणजे १८४८ येतात.

शेवटीं एक मर्यादा सांगितली पाहिजे. तोरा ग्रंथाची गुंडाळी ही संग्रहाची वस्तु नव्हे; ती जमातीच्या उपासनेची आहे व जमातीपाशींच राहावी. संशोधकानें छायाचित्र घ्यावें, नक्कल करावी, नोंद ठेवावी, आणि मूळ जेथलें तेथें परत द्यावें. ज्या समाजाचे सर्व ग्रंथ एकदां समुद्रानें नेले अशी त्याची समजूत आहे, त्याच्या उरल्यासुरल्या कागदांवर दुसरी आपत्ति संग्राहकांच्या हातून येऊं नये.